दार बंद झालं, आता पुढे काय?

आज आपण बोलणार आहोत, ठरवलेलं फिसकटतं तेव्हा काय करायचं यावर. ॲडमिशन हुकते, व्हिसा नाकारला जातो, ठरलेलं लग्न मोडतं. प्रार्थना करून, उपास करून घेतलेला निर्णय असतो, आणि तरीही असं होतं. मग मनात येतंच, मी देवाचा आवाज नीट ऐकला नव्हता का?

जवळ बायबल असेल तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16 उघडा. वचनं 6 ते 10.

पौल, सीला आणि तीमथ्य निघालेत. त्यांना आशियात सुवार्ता सांगायची आहे. हा आशिया म्हणजे आपला खंड नव्हे बरं का. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातला तो रोमी प्रांत. इफिस शहर त्यातलंच. पण पवित्र आत्मा मना करतो. ते बिथुनियाकडे वळू पाहतात, तर तिथेही येशूचा आत्मा जाऊ देत नाही. आता बघा, हेतू किती चांगला होता! त्यांनी पाप केलं म्हणून अडवलं, असं लूक कुठेही म्हणत नाही. कारणसुद्धा सांगत नाही. म्हणजे दार बंद झालं की तो आपला दोषच असतो, असं नाही. हे आज कुणाला तरी ऐकायची गरज आहे.

मग त्यांनी काय केलं? परत घरी गेले नाहीत, आणि बिथुनियाच्या वेशीवर हट्ट धरूनही बसले नाहीत. जी वाट मोकळी होती तिने चालत राहिले. नकाशा काढून पाहा, शेकडो किलोमीटरची वाट आहे ही. पुढे काय, हे माहीत नाही. शेवटी पोचले त्रोवसला, आणि समोर समुद्र. तिथे रात्री पौलाला दृष्टान्त झाला, मासेदोनियाचा एक माणूस मदतीला बोलावतोय.

इथे मला एक गोष्ट फार आवडते. वचन 10 पासून लूक ‘ते’ सोडून ‘आम्ही’ लिहू लागतो. लूक त्यांना त्रोवसलाच येऊन मिळाला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. वाट संपल्यासारखी वाटली, तिथे सोबती मिळाला.

पुढे सगळं सुरळीत झालं का? नाही! दृष्टान्तात पुरुष दिसला होता. फिलिप्पैत नदीकाठी भेटल्या त्या स्त्रिया. मग फटके, बंदिशाळा, पाय खोड्यात. म्हणजे देवाने दाखवलेल्या वाटेवरही अडचणी आल्याच. पण त्या नदीकाठी विश्वास ठेवणारी लुदिया कुठली होती? थुवतीराची. आणि थुवतीरा आशिया प्रांतातलंच! जिथे जायला मनाई झाली, तिथलीच बाई पलीकडच्या किनाऱ्यावर भेटली. आणि अध्याय 19 मध्ये पौल इफिसात दोन वर्षं शिकवतो. तेव्हाची मनाई कायमची नव्हती.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. पंडिता रमाबाई 1883 साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. पती आदल्याच वर्षी वारले होते. डॉक्टर व्हायचं होतं. पण ऐकू कमी येत होतं, म्हणून ते शिक्षण घेता आलं नाही. ज्यासाठी समुद्र ओलांडला, तेच राहिलं. विचार करा, कसं वाटलं असेल. पण त्या शिकत राहिल्या, शिकवत राहिल्या. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या किती मुलींना तिथे घर मिळालं! डॉक्टर झाल्या असत्या तर काय झालं असतं, ते देव जाणे. पण बंद दारापाशी त्या बसून राहिल्या नाहीत.

एक सावधगिरी मात्र ठेवा. कुणाची योजना मोडली की लगेच “देव यातून काहीतरी चांगलंच करणार” असं म्हणू नका. माझी नोकरी गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हे दहा जणांनी सांगितलं. वाक्य खरं होतं, पण तेव्हा ते दगडासारखं लागायचं. एक काका आले, चहा प्यायले, म्हणाले, “वाईट झालं रे,” आणि माझ्याबरोबर प्रार्थना करून गेले. मला धीर त्यांच्यामुळे आला. येशूसुद्धा लाजराच्या कबरेपाशी आधी रडला, हे विसरू नका.

तर या आठवड्यात एवढंच करा. जे मोडलं ते देवाला नाव घेऊन सांगा. रडायचं असेल तर रडा. मग विचारा, आज माझ्यासमोर कोणती वाट मोकळी आहे? एखादा अर्ज भरायचा असेल, एखादा फोन करायचा असेल, घरातलं राहिलेलं एखादं काम असेल. तेवढं करा. वर्षभराचा नकाशा मागू नका. पौलालाही तो मिळाला नव्हता.

चला, प्रार्थना करू या. हे प्रेमळ पित्या, जे बंद दारासमोर उभे आहेत त्यांच्याजवळ तू ये. कारण कळलं नाही तरी तुझा हात सुटू देऊ नकोस. आजच्यापुरता धीर दे, आणि पुढचं एक पाऊल दाखव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.