परीक्षेची परीक्षा

शहापूर आणि मुरबाड हे ठाणें जिल्ह्यांतील दोन डोंगराळ तालुके. मुंबईच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा वांटा शहापूरच्या तानसा व भातसा या जलाशयांतून जातो. पाण्याची ही वाट सुकर झाली. परंतु ठाकर, कातकरी किंवा वारली वस्तीवरील एखाद्या स्त्रीचा नमुना वेळेवर प्रयोगशाळेंत पोंचविणें हें अद्यापि सोपें नाहीं. आजच्या विषयाचें मर्म या एका अडचणींत आहे.

अंगावरून पांढरें जाणें ही तक्रार घरोघरीं असते आणि घरोघरीं लपविलीही जाते. तिच्या अनेक कारणांपैकीं ट्रायकोमोनास नांवाचा एकपेशीय जीव हें एक कारण होय. पॅरिस येथील डॉन्ने यानें तो 1836 सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. समागमानें पसरणाऱ्या आणि औषधानें पूर्ण बऱ्या होणाऱ्या रोगांत याचा प्रसार फार मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें 2020 सालीं सुमारें 15 कोटि 60 लक्ष लोकांना त्याची नवी बाधा झाली. गर्भवतीची प्रसूति अकालीं होण्याशीं या रोगाचा संबंध आढळतो व एच. आय. व्ही. च्या संसर्गाचा धोकाही त्यानें वाढतो. कित्येक स्त्रियांना व बहुतेक पुरुषांना मात्र कांहींच त्रास जाणवत नाहीं.

मग केवळ तक्रार ऐकून उपचार करावा काय? डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन गांवांत 650 स्त्रियांची तपासणी केली. ती 1989 सालीं प्रसिद्ध झाली. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता; पूर्वीं तपासणी झालेल्या केवळ 8 टक्के होत्या. न बोललेलें दुखणें किती असतें, हें त्यावरून उघड झालें. तक्रारीवर विसंबल्यास मुकाट्यानें सोसणारी राहून जाते, आणि निराळ्याच कारणानें पांढरें जाणारीला नको तें औषध मिळतें.

म्हणून परीक्षा हवी. सर्वांत जुनी व स्वस्त रीति म्हणजे स्रावाचा थेंब कांचेवर घेऊन लगेच सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें. जीव हालतांना दिसला कीं निदान झालें. परंतु त्याची हालचाल थोड्याच मिनिटांत मंदावते. तज्ज्ञ हातांतही या रीतीनें बाधितांपैकीं निम्म्या ते दोनतृतीयांशच सांपडतात. नमुना वाडीवरून एस. टी. नें तालुक्याला जाईपर्यंत तर ती आशाही उरत नाहीं. दुसरी रीति संवर्धनाची. डायमंड यानें 1957 सालीं त्यासाठीं पोषक द्रव सिद्ध केला. ती अधिक भरंवशाची, पण निकालास कांहीं दिवस लागतात. तिसरी, जंतूच्या न्यूक्लीइक आम्लाची वृद्धि करून त्याला ओळखण्याची. तिला जंतु जिवंत असण्याची गरज नाहीं व स्त्रीनें स्वतः घेतलेला नमुनाही चालतो. मात्र ती खर्चाची आहे.

यांत श्रेष्ठ कोणती, हें ठरविणें वाटतें तितकें सरळ नाहीं. संवर्धनालाच अंतिम प्रमाण मानलें, तर संवर्धनाला न सांपडलेले खरे रोगी जी नवी परीक्षा शोधून काढील, तिच्याच माथीं चुकीचा शिक्का बसेल. यासाठीं एकाहून अधिक स्वतंत्र परीक्षांचा मेळ घालून प्रमाण आधींच निश्चित करावें लागतें.

आणखी एक हिशेब पाहण्यासारखा आहे. समजा, 1000 स्त्रियांपैकीं 50 बाधित आहेत. एखादी परीक्षा बाधितांपैकीं 80 टक्के ओळखते आणि निरोग्यांपैकीं 96 टक्क्यांना निरोगीच ठरविते. ऐकावयास हें उत्तम वाटतें. परंतु 50 पैकीं 40 सांपडतील, 10 निसटतील. आणि 950 निरोगी स्त्रियांपैकीं 38 जणी रोगी ठरतील. म्हणजे रोगी ठरलेल्या 78 जणींत जवळजवळ निम्म्या निर्दोष!

या 38 जणींचा विचार कागदावर संपत नाहीं. ‘गुप्तरोग’ हा एक शब्द घरांत शिरला कीं संशय उभा राहतो, आणि त्याचा भार बहुधा स्त्रीवरच पडतो. खरी बाधा असली तरी ती महिनोन् महिने, कधीं वर्षानुवर्षें, लक्षणांवांचून राहूं शकते. सबब निकालाचा कागद हा कोणाच्या वर्तनाचा पुरावा होत नाहीं.

श्रोतेहो, यांतून निघणारें तात्पर्य व्यवहाराचें आहे. जेथें सूक्ष्मदर्शक व जाणता मनुष्य जागेवरच आहेत, तेथें कांचेवरील तपासणी अवश्य व्हावी; तींत जीव दिसला तर उपचार तत्काळ करावा, पण न दिसल्यास रोग नाहींच असें समजूं नये. जेथें नमुना दूर न्यावयाचा, तेथें तिसऱ्या रीतीचा खर्च सार्थकीं लागतो. निकाल एकांतांत सांगावा, आणि औषध पतिपत्नी दोघांनाही एकाच वेळीं द्यावें. नाहीं तर बरी झालेली स्त्री पुन्हां बाधित होते. शेवटीं, ज्या परीक्षेचा निकाल वाडीवर परत पोंचत नाहीं, ती कितीही अचूक असली तरी त्या स्त्रीच्या उपयोगाची नाहीं.