नकोसें मातृत्व

मूल ही ईश्वराची देणगी असें आपण म्हणतों. ती देणगी या घटकेस हवी आहे काय, हें मात्र मातेस क्वचितच विचारलें जातें.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें. १९५२ सालीं सरकारनेंही हें कार्य हातीं घेतलें. साधनें आलीं, तरी इच्छा नसतां दिवस राहतात, तें कां?

पहिलें कारण अर्धवट ज्ञान. मूल अंगावर पीत आहे तोंवर भय नाहीं, ही समजूत पुष्कळ घरीं आढळते. ती खरी ठरते तीन अटींवर: मूल सहा महिन्यांच्या आंतलें हवें, तें रात्रंदिवस केवळ मातेच्या दुधावर हवें, आणि पाळी परत आलेली नसावी. एक अट मोडली कीं आधार गेला. पुढें पुष्कळदां पहिल्या पाळीच्या आधींच बीज सुटतें. म्हणून पाळीची वाट पाहणारी स्त्री फसते.

दुसरें कारण याहून खोल आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें ३८ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचें प्रमाण शेंकडा एकाहूनही कमी. भार तिचा, निर्णय मात्र पुष्कळदां पतीचा किंवा सासूचा. शिवाय शस्त्रक्रिया होते ती मुलें पुरेशीं झाल्यावर. दोन बाळंतपणांतील अंतर अनेकदां दैवावर सोडलेलें असतें.

लग्नाच्या याद्यांत मानपानाचा हिशेब चोख असतो. त्यांत मुलीस हें ज्ञान आणि मुलास ही जबाबदारी, एवढ्या दोन बाबी वाढविण्यास खर्च कांहींच नाहीं.