दार ठोठावणारी लोईस लेन



दोस्तांनो, सुपरमॅन तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. आज मी बोलणार आहे ती त्याच्याच वर्तमानपत्रात काम करणाऱ्या लोईस लेनबद्दल. जून १९३८च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्याच अंकात सुपरमॅनबरोबर तीही आली. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे तिचे निर्माते. त्या अंकात एक गुंड तिच्याशी जबरदस्ती करू पाहतो. क्लार्क केंट भित्रेपणाचं सोंग करून गप्प राहतो. लोईस मात्र गुंडाच्या थोबाडीत मारते. तिला उडता येत नाही, गोळी लागली तर ती मरेल, हे तिला ठाऊक आहे. तरी ती पुढे होते. म्हणून मला सुपरमॅनपेक्षा ती जास्त धीट वाटते.

पुढे १९५८ साली तिच्या नावाचं कॉमिक निघालं. त्याचं नाव होतं ‘सुपरमॅन्स गर्लफ्रेंड, लोईस लेन’. बातमीदार बाईची ओळखही पुरुषाच्या नात्याने करून दिली होती! आपल्या मुलींना हे नवीन नाही.

याच मालिकेत नोव्हेंबर १९७०ला एक गोष्ट आली. लोईस ‘लिटल आफ्रिका’ या काळ्या लोकांच्या वस्तीवर लिहायला जाते. तिच्याशी कुणीच बोलत नाही. मग सुपरमॅनच्या एका यंत्रातून ती एका दिवसापुरती काळी होते. आता वस्तीतली दारं उघडतात, पण टॅक्सीवाला तिला न घेताच निघून जातो. वस्तीतला एक कार्यकर्ता गोळी लागून पडतो. त्याला लोईसचं रक्त चालतं आणि तो वाचतो. ती पुन्हा गोरी झाल्यावर तो तिच्या हातात हात देतो.

हेतू चांगला होता, हे मान्य. पण वस्तीचं दुःख सांगायला वस्तीतली एकही बातमीदार त्या लेखकाला सुचली नाही. एक दिवस कातडी बदललेली पाहुणीच लागली.

आपल्या मोहल्ल्यात कॅमेरा आला की आपणही दारं लावून घेतो. बाहेरचे चुकीचं लिहितात, अशी आपली तक्रार असते. ती बरेचदा खरीही असते. मग आपण का लिहीत नाही? आपल्याला यंत्राची गरज नाही, गल्ली आपल्या ओळखीची आहे.

पण एक अट आहे. सरकारला प्रश्न विचारणारी लेखणी घरात म्यान करायची नाही. मोहल्ल्यातल्या एखाद्या ट्रस्टचा हिशेब मागणं, बहिणीची शाळा का सुटली हे विचारणं, हे जास्त अवघड आहे. तिथे थोबाडीत आपल्यालाच बसू शकते. आपला धीटपणा खरा किती, हे तिथेच कळतं.

लोईस कल्पनेतली आहे. तुम्ही खरे आहात. वही-पेन घ्या आणि पहिलं दार आपल्याच गल्लीतलं ठोठवा.