निर्मात्याचे उत्तरदायित्व : मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या सरांकडून मी याच शाळेत रसायनशास्त्राची मुळाक्षरे गिरवली. निरीक्षणे वहीत उतरली, की आम्ही मुले घंटेआधीच पळायला बघत असू. सर दारात उभे राहून विचारीत, ‘‘परीक्षानळ्या कोण धुणार?’’ या प्रश्नाचा अर्थ मला फार उशिरा, एका कादंबरीने उलगडून दाखविला. तिच्याविषयीच आज बोलणार आहे.

तंबोरा ज्वालामुखीच्या १८१५ मधील उद्रेकामुळे युरोपात पुढच्या वर्षी उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठी पावसाने कोंडलेल्या मित्रमंडळींना कवी बायरनने सुचविले, की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी. त्या मंडळींत अठरा वर्षांची मेरी होती. तिचे पहिले अपत्य आदल्याच वर्षी दगावले होते. विजेच्या स्पर्शाने मेलेल्या बेडकाचे पाय हलतात, हे गॅल्व्हानीने दाखविले होते. त्याचा भाचा अल्दिनी याने १८०३ मध्ये लंडनला, फाशी दिलेल्या माणसाच्या प्रेतावर तसाच प्रयोग केला होता. मृत्यूची सीमा ओलांडता येईल काय, हा प्रश्न त्या काळी हवेतच होता. १८१८ च्या जानेवारीत ही कादंबरी निघाली, तीही लेखिकेच्या नावावाचून.

फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नाव, असा अनेकांचा समज असतो. ते निर्मात्याचे नाव आहे. राक्षसाला नावच नाही, आणि कादंबरीचे मर्म मला येथे सापडते. इंगोलस्टाटला शिकणारा व्हिक्टर अहोरात्र खपून प्रेतांच्या अवयवांतून एक देह घडवितो. नोव्हेंबरातील एका रात्री तो देह डोळे उघडतो, आणि व्हिक्टर भयाने खोलीतून पळ काढतो. पुढे तो जीव एका कुटुंबाला आडून न्याहाळीत भाषा शिकतो, त्यांच्यासाठी रात्री सरपण आणून ठेवतो, मिल्टन वाचतो. त्याच्या वाट्याला मात्र मारच येतो. मग तो सुडाला प्रवृत्त होतो.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो जस्टिनचा खटला. व्हिक्टरच्या धाकट्या भावाच्या खुनाचा आळ या निरपराध मुलीवर येतो. खुनी कोण, याविषयी व्हिक्टरच्या मनात संशय उरलेला नाही. पण लोक आपल्याला वेडा ठरवतील, म्हणून तो मौन पाळतो आणि ती फासावर जाते. व्हिक्टरची महत्त्वाकांक्षा मी समजू शकतो. त्याचे मौन मला क्षम्य वाटत नाही.

याचे कारण वैयक्तिक आहे. तरुणपणी एका रसायन कारखान्यात मी एक प्रक्रिया बसविली. उत्पादन वाढले, बढती मिळाली. सांडपाणी मागच्या ओढ्यात जात होते. त्याची नोंद मी स्वतःच्या वहीत केली. वरिष्ठांपुढे मात्र उच्चारली नाही. पुढे नोकरी बदलली आणि ते गाव सोडले. काही वर्षांनी तिकडे जाणे झाले, तेव्हा ओढ्याकाठच्या विहिरीचे पाणी कोणी पीत नव्हते. त्या रात्री मला सरांचा प्रश्न आठवला.

ही कथा जुनी झालेली नाही. कादंबरीनंतर बरोबर दोनशे वर्षांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, हे ज्यानक्वे या चिनी शास्त्रज्ञाने जनुके बदललेल्या जुळ्या मुलींच्या जन्माची घोषणा केली. २०१९ च्या अखेरीस त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या मुलींना मात्र ते बदल आयुष्यभर वागवायचे आहेत.

मग ज्ञानाचा ध्यासच सोडावा काय? मेरी शेली असे सांगत नाहीत, असे मला वाटते. ही सारी कथा ऐकणारा कप्तान वॉल्टन उत्तर ध्रुवाच्या शोधात बर्फात अडकलेला आहे. मरणपंथाला लागलेला व्हिक्टर अखेरपर्यंत खलाशांना पुढे जाण्यास चेतवतो. वॉल्टनचे मन कष्टी होते, पण खलाशांचे प्राण आपल्या हाती आहेत हे ओळखून तो जहाज माघारी वळवतो. मला तो पराभूत वाटत नाही.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगेन : खूप प्रयोग करा, धाडसाने करा, पण दारात कोणी उभे नसले, तरी परीक्षानळ्या धुऊनच घरी जा.