तेलकट चेहरा आणि आपण
(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हास बोलण्याची आज्ञा केली तेव्हा विषय ठरला होता, 'बँकेतील नोकऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची तयारी'. तो आम्ही बदलून मागितला. 'तेलकट त्वचेची निगा' असा विषय कळविल्यावर सचिव क्षणभर आमच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचा दोष नाही. आम्ही डॉक्टर नाही, कला शाखेचे पदवीधर, वीस वर्षे बँकेत कारकुनी केलेले. परंतु आमच्याच घरात या विषयाने एक मुलगी वर्षभर मागे पडली आणि त्यात आमचाही हात होता. तेव्हापासून मिळेल ते वाचले, त्वचारोगतज्ज्ञांना विचारून विचारून भंडावून सोडले. शिवाय आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही आपल्या अभ्यासिकेत देखरेखीला बसतो. पुस्तक उघडे ठेवून मोबाइलच्या काचेत स्वतःचे कपाळ न्याहाळणारी मुले-मुली आम्हाला दिसतात. त्यांना रागवावे असे आम्हाला वाटत नाही, कारण वयाच्या सतराव्या वर्षी आम्हीही वसतिगृहातल्या फुटक्या आरशासमोर तेच करीत होतो.

प्रथम हे तेल येते कोठून ते पाहू. आपल्या त्वचेत केसांच्या मुळांना लागून बारीक तैलग्रंथी असतात. त्यांतून जो स्निग्ध पदार्थ पाझरतो त्याला 'सीबम' म्हणतात. तळहात आणि तळपाय सोडले तर या ग्रंथी जवळजवळ सर्वांगावर असतात. चेहऱ्यावर आणि डोक्यावर त्यांची दाटी सर्वांत जास्त. म्हणून कपाळ, नाक आणि हनुवटी आधी चकाकतात. हे तेल म्हणजे घाण नव्हे. ते त्वचेला आणि केसांना मऊ ठेवते. वयात येताना शरीरातील अँड्रोजेन नावाची संप्रेरके वाढतात, ती मुलग्यांत असतात तशी मुलींतही असतात, आणि त्यांच्या हुकमावरून या ग्रंथी मोठ्या होऊन जास्त तेल सोडू लागतात. कोणाच्या किती सोडतील हे बरेचसे आईवडिलांकडून आलेले असते. तेव्हा 'तू तोंड धूत नाहीस म्हणून तुला मुरुम येतात' हे जे आपण घरोघर ऐकवतो ते अन्यायाचे आहे.

मुरुम होतो तो असा. तेल जास्त झाले, त्यात छिद्राच्या आतल्या मृत पेशी चिकटल्या, की तोंडाशी बूच बसते. बूच उघडे राहिले तर वरचा भाग काळा दिसतो. तो मळ नसतो. त्वचेतील रंगद्रव्य आणि हवेचा परिणाम यांमुळे आलेला तो रंग असतो, म्हणून घासून जात नाही. बूच बंद राहिले आणि आत नेहमीच वस्तीला असलेल्या जंतूंची वाढ झाली, की सूज येते, पू होतो. इतके समजले की अर्धे उपाय आपोआप गळून पडतात.

घासणे हा त्यांतला पहिला. आम्ही स्वतः कॉलेजात असताना दिवसातून सहा-सात वेळा कपडे धुण्याच्या वडीला लाजवील अशा साबणाने तोंड धूत असू. चेहरा करकरीत वाजला की समाधान. साधा साबण अल्कधर्मी असतो आणि निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी. वारंवारच्या साबणाने तो थर दुखावतो, त्वचा ओढल्यासारखी होते, आग होते; ग्रंथींचे काम मात्र आत चालूच राहते. सकाळी एकदा, रात्री एकदा, आणि खेळून किंवा घामाघूम होऊन आल्यावर एकदा, एवढे पुरे. सौम्य फेसवॉश घ्यावा, बोटांच्या टोकांनी लावावा, कोमट किंवा साध्या पाण्याने धुवावे, टॉवेलने टिपावे. मुंबईच्या दमट हवेत दुपारी लोकलमधून उतरल्यावर चेहरा चिकट होतोच. त्यासाठी खिशात स्वच्छ सुती रुमाल ठेवावा आणि टिपून घ्यावे. रगडू नये. तेलावर टाल्कम पावडर थापण्याची आपली जुनी सवय आहे, तिने तासाभराची सोय होते आणि मग पिठाचा लगदा होतो.

तेलकट चेहऱ्याला पुन्हा क्रीम कशाला, असे पुष्कळजण विचारतात. तेल निराळे आणि पाणी निराळे. चेहरा तेलकट असूनही त्वचेतले पाणी कमी असू शकते, विशेषतः मुरुमांवरची औषधे चालू असताना. अशांनी जेलसारखा हलका मॉइश्चरायझर लावावा. वेष्टनावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' हा शब्द शोधावा, म्हणजे छिद्रे बुजवणार नाही असा उत्पादकाचा दावा असलेला. उन्हात जाताना एसपीएफ ३० चा जेल प्रकारातला सनस्क्रीन. आपल्या सावळ्या त्वचेवर मुरुम बरा झाला तरी काळा डाग महिनोन्महिने राहतो, आणि ऊन त्याला आणखी गडद करते, म्हणून हे सांगितले. याच कारणाने मुरुम फोडू नये. फोडणाऱ्याला क्षणाचा आनंद मिळतो, डागाचे भाडे वर्षभर भरावे लागते.

आता घरगुती उपायांबद्दल. माता-भगिनींनी रागावू नये. मुलतानी माती तेल शोषते हे खरे, आठवड्यातून एखाद वेळी लावायला हरकत नाही. परंतु ती वाळून भेगा पडेपर्यंत ठेवू नये, ओलसर असतानाच धुवावी. तिचा परिणाम वरच्या तेलापुरता, ग्रंथीला तिचा पत्ताही लागत नाही. बेसन मळून खरवडण्याने सुजलेला मुरुम चिघळतो. लिंबू मात्र चेहऱ्यावर चोळूच नये; त्याचा रस अतिशय आम्ल असतो, आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखे फोड व डाग येऊ शकतात. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा यांचीही जागा चेहरा नव्हे.

खोबरेल तेलाविषयी बोलल्यावाचून आम्हास राहवत नाही, कारण आमच्या आईने ते आमच्या डोक्यावर अक्षरशः ओतले होते. कपाळावर, केसांच्या कडेने बारीक बारीक पुटकुळ्यांची रांग असेल तर आधी डोक्याच्या तेलाकडे पाहावे. डॉक्टर याला 'पोमेड अ‍ॅक्ने' म्हणतात. तेल लावायचेच तर धुण्याआधी तासभर लावून न्हावे. रात्रभर ठेवून उशीवर आणि उशीवरून गालावर येऊ देऊ नये. उशीचा अभ्रा आठवड्याला बदलावा. कोंडा असेल तर तेल हा त्यावर इलाज नव्हे, कारण कोंड्याशी संबंधित बुरशी तेलावरच पोसते. तिच्यासाठी औषधी शाम्पू असतात.

खाण्याचे काय? भजी खाल्ली की तेच तेल चेहऱ्यावर येते, असे होत नाही. ज्या पदार्थांनी रक्तातली साखर झपाट्याने चढते ते पदार्थ आणि काही जणांत दूध यांचा मुरुमांशी संबंध आढळला आहे. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांनी व्हे प्रोटीनच्या डब्याकडेही संशयाने पाहावे. डबा सुरू झाला आणि पाठ मुरुमांनी भरली, अशी मुले आम्ही अभ्यासिकेतच पाहिली आहेत.

आता ज्यासाठी विषय बदलून घेतला ते सांगतो. आमच्या ताईची मुलगी बारावीला आमच्याकडे राहायला होती. चेहरा तेलकट, गालांवर मुरुम, रंग सावळा. घरात येणारा-जाणारा प्रत्येकजण तिच्या मार्कांची चौकशी नंतर करी, चेहऱ्याची आधी. एका नात्यातल्या बाईंनी तर, 'हिचं पुढं कसं व्हायचं,' असे तिच्यासमोरच विचारले. मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून तिने एक लहानशी ट्यूब आणली. मैत्रिणीने नाव सांगितले होते, दुकानदाराने काही न विचारता दिली.

आठ दिवसांत चमत्कार झाला. मुरुम बसले, चेहरा उजळ दिसू लागला. त्याच बाई म्हणाल्या, 'बघा, मनावर घेतलं की होतं.' ट्यूब संपली तेव्हा ती म्हणाली, "मामा, येताना हीच आणा." आम्ही आणली. अशा चार ट्यूब आम्ही आणल्या. जो मनुष्य कचेरीत चेकवरची तारीख, अक्षरी रक्कम आणि सही पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाही, त्याने त्या ट्यूबवरची एक ओळ वाचली नाही.

पाचव्या महिन्यात गावाकडे लग्नाला गेलो, ट्यूब घरी राहिली. चौथ्या दिवशी तिचा चेहरा लालबुंद झाला, पाणी लागले तरी आग होऊ लागली, आणि पूर्वी कधी नव्हते इतके पुवाचे फोड आले. ट्यूब लावली की थांबे, सोडली की दुप्पट. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी तिने ओढणीने चेहरा बांधला, चपला घातल्या, दारापर्यंत गेली आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. गेली नाही. आम्ही रागावलो. त्या रागावण्याची आज लाज वाटते.

सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ट्यूब हातात घेऊन विचारले, "ही कोणी दिली?" आम्ही म्हणालो, "आम्ही आणून दिली." त्यांनी भिंग पुढे केले आणि वाचायला लावले. त्यात तीन औषधे होती आणि त्यांतले एक स्टिरॉइड होते. अशी मिश्रणे वांगावर मर्यादित काळ, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देण्यासाठी आहेत. स्टिरॉइड सूज आणि लाली दाबते, रंग तात्पुरता फिका करते, म्हणून चमत्कार वाटतो. आतून मात्र त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, स्टिरॉइडचेच मुरुम येतात, आणि सोडले की सर्व काही उसळून वर येते. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांची संघटना याविरुद्ध वर्षानुवर्षे सांगत आली आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे 'अनुसूची एच'मध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. आमच्या ट्यूबवर तसे छापलेले होते, लाल उभी रेघही होती.

म्हणून ट्यूबचे मोठे नाव वाचू नका, मागची बारीक अक्षरे वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसले तर ते मुरुमांचे औषध नाही. मात्र कोणी पुष्कळ दिवस लावीत असेल तर आजच फेकून मोकळे होऊ नये. डॉक्टर ते कसे सोडवायचे ते सांगतात. आमच्या भाचीला पूर्ववत व्हायला आठ महिने लागले. परीक्षा तिने पुरवणीत दिली.

खरी औषधे आहेत आणि ती फार महागही नाहीत. तेलात विरघळून छिद्रात शिरणारे सॅलिसिलिक आम्ल, जंतूंवर काम करणारे बेंझॉइल पेरॉक्साइड, रात्री लावायचे अ‍ॅडापलीन. बेंझॉइल पेरॉक्साइडचे २.५ टक्क्यांचे जेल पुष्कळदा पुरते. टक्के वाढवले की गुण तितका वाढत नाही, आग वाढते. शिवाय ते टॉवेलचा आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडवते, तेव्हा पांढरा टॉवेल वापरावा, नाहीतर घरी वेगळाच प्रसंग उभा राहतो. गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. चार दिवसांत चेहरा पालटवणारी ट्यूब मिळाली तर आनंद मानू नये, भिंग आणावे. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या गंभीर मुरुमांसाठी आहेत, गरोदरपणात त्यांनी गर्भात गंभीर व्यंगे येऊ शकतात. त्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवर घेण्याच्या नव्हेत. अ‍ॅडापलीनही गरोदरपणी लावू नये. ज्या मुलींना मुरुमांबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, त्यांना आईने डॉक्टरांकडे न्यावे. मोठ्या गाठी, खड्डे पडणारे व्रण असतील तर मुलग्यांनीही थांबू नये, कारण खड्डे नंतर भरून काढणे कठीण असते.

रंगाचे एक बोलायचे राहिले. तेल कमी करणे आणि रंग गोरा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानात आणि आपल्या बोलण्यात त्या एक झाल्या आहेत. १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० साली आपल्या नावातून 'फेअर' हा शब्द काढला. (त्याचा आमच्या ट्यूबशी काही संबंध नाही.) कंपनीने शब्द काढला, आमच्या नात्यातल्या बाईंनी अजून काढलेला नाही. पालकहो, मुलांच्या चेहऱ्याबद्दल बोलायचेच झाले तर 'दुखतंय का' एवढेच विचारावे.

वेळ संपत आली आहे. मेळाव्याच्या सूचनेत आम्ही लिहिले होते की घरात असलेल्या ट्यूबा आणि मलमे बरोबर आणावीत. ज्यांनी आणली असतील त्यांनी चहाच्या वेळी उजवीकडच्या टेबलाशी यावे, नाव सांगण्याची गरज नाही. आम्ही दोन भिंगे आणली आहेत, आणि आमची भाची तेथे बसलेली आहे. तिची नजर आमच्यापेक्षा चांगली आहे.