उजवे बटण दाबून पाहा
(संस्थेच्या अभ्यासिकेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकाविषयी बोलावे असा आम्हाला आग्रह झाला. विषय अफाट आहे. आम्ही त्यातला मुठीत मावेल एवढाच भाग घेतो, तो म्हणजे माऊस.

अभ्यासिकेत संगणक आले तेव्हा बाहेर फी भरून शिकून आलेली मुले आम्ही प्रथम त्यांच्यापुढे बसवली. पाहतो तो काय, एकही जण माऊसचे उजवे बटण दाबीना! विचारले तर म्हणाली, "सर, क्लासमध्ये सांगितलं होतं, उजवं दाबलं की सेटिंग बिघडतं." आईबापांनी पोटाला चिमटा काढून फी भरली आणि मुलांनी भीती विकत आणली, याचे आम्हाला फार वाईट वाटले. ज्याच्या घरी संगणक आहे तो मुलगा रात्री बटणे दाबून दाबून शिकतो. ज्याला आठवड्यातून दोन तास मिळतात तो हात आखडता घेतो. फरक बुद्धीचा नाही, बिघडले तर कोण रागावेल याचा आहे.

डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊस जाहीरपणे चालवून दाखवला. त्याचा पहिला नमुना लाकडी पेटीचा होता आणि त्याला बटण एकच होते. पुढे बटणे वाढली. १९९५ च्या विंडोज ९५ पासून उजव्या बटणाला सर्वत्र एक ठरलेले काम मिळाले: बाणाखाली जी वस्तू असेल तिचे काय काय करता येते, त्याची यादी दाखवणे. यादी नुसती उघडल्याने काही बदलत नाही. नको असेल तर बाजूला रिकाम्या जागी क्लिक करा, ती मिटते.

तेव्हा पडद्याच्या मोकळ्या भागावर उजवे बटण दाबा. विंडोज १० किंवा ११ असेल तर 'डिस्प्ले सेटिंग्ज' दिसेल. तेथे 'स्केल' १०० वरून १२५ टक्के केले की सगळेच मोठे दिसते. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी अक्षर दिसत नाही म्हणून संगणकाचा नाद सोडला होता. त्यांना चष्मा बदलावा लागला नाही, हा आकडा बदलावा लागला. बाणच सापडत नसेल तर माऊसच्या सेटिंगमध्ये अशी सोय आहे, की कंट्रोलची कळ दाबताच बाणाभोवती वर्तुळे उमटतात. डबल क्लिक जमत नसेल तर त्याचा वेगही तेथेच कमी होतो. शेजारी फोल्डरचे चित्र असते, त्यावर हात बसवून पाहावा.

एक गंमत सांगतो. आमची एक विद्यार्थिनी डावखुरी. तिने माऊस डावीकडे घेतला आणि सेटिंगमध्ये जाऊन बटणांची अदलाबदल केली. तिचे काम झकास चालले. ती उठल्यावर जो बसला त्याने बोंब मारली, "माऊस बिघडला!" पूर्ववत करायचे तर तेही उजव्या बटणानेच क्लिक करून, हे त्याला सुचेना. काहींनी तिलाच दोष दिला. आम्हाला ते पटले नाही. दोष तिचा नव्हता, सर्वांना एकाच खात्यावर बसवणाऱ्या आमचा होता. ही निवड संगणक प्रत्येकाच्या खात्यात वेगळी जपतो. मग तिला स्वतंत्र खाते करून दिले आणि तंटा मिटला.

मात्र भीती सोडा म्हणजे डोळे मिटा असे नव्हे. ड्राइव्हवर उजवे बटण दाबले की यादीत 'फॉरमॅट' हाही शब्द असतो; तो पुढे रेटलात तर सगळा साठा जाईल. 'डिलीट'चेही तसेच, कचरापेटीतून काही परत मिळते, पेनड्राइव्हवरचे सहसा मिळत नाही. शब्द कळला नाही तर विचारा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, आधीचा आकडा लिहून ठेवा.

त्यासाठी आम्ही प्रत्येक संगणकाशेजारी दोरीने एक वही बांधली आहे. तारीख, काय होते, काय केले, एवढेच लिहायचे. पहिल्या वहीत सुरुवातीची चार पाने कोरी होती. आता तिसरी वही चालू आहे. चहानंतर अभ्यासिका उघडी राहील, ज्यांनी अजून उजवे बटण दाबलेले नाही त्यांनी आधी बसावे.