गाडी गचके खाते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी लोणची-पापडांवर नाहीतर मुलांच्या संगोपनावर कोणीतरी बोलते. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही आपल्या जीपवरच बोला." मी सातवी शिकलेली, भाषणाची सवय नाही. जे डोळ्यांनी पाहिले आणि हाताने केले, तेवढेच सांगते.

आपल्यापैकी पुष्कळ जणींची चूल गाडीवर पेटते. आमचीही तशीच. आमची जीप तुळजापूरला येणाऱ्या भाविकांची ने-आण करते आणि नवरात्रातल्या कमाईवर आमचे वर्षाचे देणे फिटते. एका वर्षी घटस्थापना आठ दिवसांवर आली आणि जीप गिअर बदलताना हिसके देऊ लागली. एका गॅरेजवाल्याने वरवर पाहून सांगितले, "गिअरबॉक्स उघडावा लागेल." आकडा ऐकून आमचे मालक गप्पच बसले. माझ्या पाटल्या गहाण टाकायचे जवळजवळ ठरले. मी म्हटले, "पाटल्या कुठे पळून जात नाहीत. गाडी नेमकी केव्हा गचका खाते, ते आधी पाहू." दोन दिवस मी शेजारच्या सीटवर बसले आणि किराण्याच्या वहीत खुणा केल्या. उभी गाडी हलताना, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना, घाट चढताना, रेस सोडल्यावर, मागे घेताना. जिथे हिसका बसला तिथे फुली.

सारे मर्म या 'केव्हा'मध्ये आहे. इंजिन सदा फिरत असते, चाके मात्र कधी फिरतात, कधी थांबतात. या दोहोंना जोडणारा आणि सोडवणारा तो क्लच. जात्याच्या दोन तळ्या डोळ्यांपुढे आणा. एक गरगर फिरते आहे, दुसरी हळू चालली आहे. दोन्ही एकदम भिडवल्या तर खुंट्याला हिसका बसायचाच. म्हणून पहिला तपास चालवणाऱ्याच्या पायाचा. क्लच झटकन सोडला, किंवा रेस कमी-जास्त झाली, तर नवीकोरी गाडीही उडी मारते. दुसऱ्या जाणत्या माणसाला चालवायला द्यावे. हिसका गेला तर गाडी निर्दोष. हे घरातल्या पुरुषांना सांगणे जरा अवघड जाते, पण सांगावे. आमच्याकडे दिराने चालवली तरी हिसका तसाच राहिला.

मग बिनखर्चाच्या गोष्टी. तारेचा क्लच असेल तर पेडल हाताने हळूच दाबावे. सुरुवातीला बोट-दीड बोट ते सैल जायला हवे. ती सैलाई वाढली तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर करकरतो; अजिबात उरली नाही तर प्लेट घसरून झिजते. तार ताणून किंवा सैल करून हे जमते. क्लच तेलावर चालणारा असेल तर डबीतले तेल पाहावे. गिअर बदलत नसतानाही गाडी अडखळत असेल, तर क्लचच्या वाटेला जाऊच नये. डिझेलचा फिल्टर, हवेचा फिल्टर आणि पेट्रोलच्या गाडीत प्लग आधी पाहावेत.

उभी गाडी हलताना, विशेषतः चढावर किंवा मागे घेताना, सबंध गाडी थरथरली तर क्लच प्लेटवर संशय घ्यावा. ती झिजली असेल, नाहीतर तिला तेल लागले असेल. प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, उघडावा लागत नाही. भगिनींनो, हा फरक लक्षात ठेवा. उतरवणे आणि उघडणे या दोन शब्दांत पुष्कळ पैसे आहेत. आतल्या रिंगा आणि दाते झिजले की बहुधा करकर ऐकू येते किंवा गिअर आपोआप निसटतो. नुसत्या हिसक्याचे कारण बहुधा बाहेर असते.

माझ्या वहीत फुल्या दोनच ठिकाणी दाट होत्या. एक, गिअर टाकून क्लच सोडला किंवा रेस सोडली की खालून 'धप्प'. दुसरी, पुढचा गिअर काढून मागचा टाकला की 'टक्'. ही वही घेऊन आम्ही दुसऱ्या फिटरकडे गेलो. त्याने बॉनेट उघडले, मालकांना ब्रेक घट्ट दाबून क्लच केसभर सोडायला सांगितले. इंजिन एका अंगाला चांगलेच उचलले गेले. (ही परीक्षा करताना गाडीच्या पुढे-मागे कोणीही उभे राहू नये.) इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरांवर बसतात, त्या माउंटिंगपैकी एक चिरले होते. मग इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून, त्याने खालचा लांब शाफ्ट हाताने पिळला. त्याचा क्रॉस खुळखुळत होता. रबर आणि क्रॉस दोन्ही बदलून दोन हजारांच्या आत काम झाले. पाटल्या डब्यातच राहिल्या आणि घटस्थापनेच्या सकाळी जीप रस्त्यावर होती.

आता दोन गोष्टी जाता जाता. तुळजापूरचा घाट सोलापूरकडे उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे पुष्कळ आहेत. तसे केले की इंजिनची ओढ सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घरच्या माणसांना हे करू देऊ नका. आणि क्लचवर पायरीसारखा पाय ठेवून बसण्याची सवय प्लेटला आणि बेअरिंगला खाते.

ज्यांची मुले पुण्या-मुंबईहून क्लच नसलेली गाडी आणतात, त्यांच्यासाठीही सांगते. 2014 साली मारुतीच्या सेलेरियोत साधाच गिअरबॉक्स यंत्राने आपोआप बदलण्याची सोय आली. अशा गाडीत गिअर बदलताना मान किंचित हलते, तो तिचा स्वभाव आहे. त्या क्षणी रेसवरचा पाय जरा हलका केला की कमी होते. एकाएकी वाढले तर मात्र दाखवावे.

पूर्वी धंद्याची गाडी चालवण्याच्या परवान्याला आठवी पास असावे लागे. 2019 साली केंद्र सरकारने ती अट काढली. माझी अडचण तेवढ्या एका इयत्तेची होती. आता शिकाऊ परवान्याचा अर्ज भरून ठेवला आहे.

पेडलची सैलाई कशी बघतात ते हाताने पाहायचे असेल, तर चहा झाल्यावर मागच्या अंगणात या. जीप तिथेच उभी आहे.